जावातले पाइप्ड स्ट्रीम : लहान रिपोर्ट जातो, मोठा अडकतो

बाइटबहाद्दर

नमस्कार मंडळी. जावा १७ वर काम चालू आहे. एक लायब्ररी रिपोर्ट तयार करते, तिला आउटपुटस्ट्रीम (बाइट लिहायचं टोक) लागतो. दुसरी लायब्ररी तो स्टोरेजवर चढवते, तिला इनपुटस्ट्रीम (बाइट वाचायचं टोक) लागतो. एक ढकलणारी, एक ओढणारी, आणि मधे मी.

शोधाशोध केल्यावर पाइप्डआउटपुटस्ट्रीम आणि पाइप्डइनपुटस्ट्रीम ही जोडी सापडली. दोन्ही एकमेकांना कनेक्ट केले, राइट करून सगळे बाइट लिहिले, क्लोज केलं, आणि मग इनपुटची बाजू अपलोडच्या हातात दिली. टेस्टमध्ये चार ओळींचा रिपोर्ट झकास गेला. खऱ्या डेटावर मात्र राइटच्या ओळीवर गाडी थांबते ती थांबतेच. एरर नाही, लॉग नाही, सीपीयू थंड.

दोन प्रश्न. एक, असं का होतं? दोन, ही जोडी खऱ्या कामाला वापरावी का? आमचे सीनियर म्हणतात, सगळं बाइट ॲरेत घे आणि मोकळा हो. पण महिनाअखेरीला रिपोर्ट चांगलाच फुगतो. कोड इथे चिकटवला की मोबाइलवर चुरगळतो, म्हणून शब्दांतच लिहिलंय.

चहाटळ

शीर्षक अर्धवट वाचून सोसायटीच्या नळाचा धागा समजून आलो होतो. चालू द्या.

हिंजवडीकर

लिहिणं आणि वाचणं एकाच थ्रेडमध्ये (ओळी एकामागून एक चालतात अशा एकाच रांगेत) करताय, दुसरं काही नाही. या जोडीच्या मधे एक गोल फिरणारा बफर, म्हणजे बाइट तात्पुरते ठेवायची जागा, असतो आणि तो मुळात १०२४ बाइटांचा. १०२४ बाइट निमूट मावतात. १०२५वा लिहायला गेलात की राइट म्हणतं, जागा होऊ दे. जागा होणार वाचल्यावर, आणि वाचणारी ओळ तुमच्या कोडमध्ये राइटच्या खाली. तिथपर्यंत कोण पोचणार?

जेस्टॅक (कोणता थ्रेड कुठे थांबलाय ते दाखवणारं जावाचं साधन) मारून बघा. तुमचा थ्रेड 'टाइम्ड वेटिंग' दिसेल आणि मेथड असेल अवेटस्पेस. गंमत म्हणजे ती मेथड पाइप्डइनपुटस्ट्रीमच्या क्लासमधली आहे. बफर इनपुटच्या बाजूलाच राहतो, आउटपुटवाला नुसता त्याच्या रिसीव्ह मेथडला बाइट नेऊन देतो. थ्रेड दर सेकंदाला उठून जागा झाली का बघतो आणि परत झोपतो. म्हणून सीपीयू थंड.

जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ लिहिलंय की दोन्ही टोकं एकाच थ्रेडमधून वापरू नका, डेडलॉक, म्हणजे एकमेकांसाठी थांबून कायमचं अडकणं, होऊ शकतो. १९९६ पासून, म्हणजे जावा १.० पासून ही जोडी आहे आणि तेव्हापासून लोक त्यात अडकतायत.

नवशिकी

मग बफर मोठा केला तर? कन्स्ट्रक्टरला साइज देता येतो असं दिसतंय.

हिंजवडीकर

@नवशिकी, येतो, जावा ६ पासून. पण एकाच थ्रेडमध्ये राहून सगळा रिपोर्ट मावेल एवढा बफर घेतलात तर तो बाइट ॲरेच झाला, वर कुलपं उघडण्या-लावण्याचा खर्च. दोन थ्रेड केल्यावर मात्र साइज जरूर वाढवा. १०२४ फारच तुटपुंजा आहे, दोन्ही बाजू सतत एकमेकांची वाट बघत बसतात. मी ६४ केबी देतो.

आणि एकेक बाइट लिहू नका. राइट मेथड घेते इंट, पण पाठवते त्यातले खालचे आठच बिट. २५६ दिलेत तर पलीकडे शून्य निघेल, कोणी तक्रार करणार नाही. शिवाय दर बाइटला सिंक्रोनाइझ्ड, म्हणजे कुलूप उघडा, कुलूप लावा. ॲरे घेणारी राइट वापरा.

कॉफीकप

सीनियरांची बाजू घेतो. बाइट ॲरे वाईट नाही. रिपोर्ट दहा-वीस एमबीचा असेल तर बाइटॲरेआउटपुटस्ट्रीम घ्या, टूबाइटॲरे करा, घरी जा. दुसरा थ्रेड नाही, डेडलॉक नाही. फक्त एवढं ध्यानात असू द्या की आतला ॲरे भरला की मोठा ॲरे घेऊन जुना त्यात कॉपी होतो, आणि टूबाइटॲरे आणखी एक कॉपी काढतं. म्हणजे ऐन वेळी रिपोर्टच्या दुप्पट-तिप्पट मेमरी लागते. आणि जावाच्या ॲरेचा इंडेक्स इंट असल्यामुळे साधारण २ जीबीला भिंत आहे.

फुगणारा रिपोर्ट असेल तर तात्पुरती फाइल. कंटाळवाणी आहे, पण चालते.

गोवाला (भाषा गो, राज्य नव्हे)

गो मध्ये आयओ पॅकेजमधल्या पाइपला बफरच नाही. समोरचा वाचेपर्यंत राइट परतत नाही. त्यामुळे एकाच गोरूटीनमध्ये (गो मधला हलका थ्रेड) वापरलंत तर पहिल्याच बाइटला अडकता आणि टेस्टमध्येच कळतं. जावानं १०२४ची सवलत देऊन लोकांना प्रॉडक्शनपर्यंत जाऊ दिलं.

चहाटळ

@गोवाला, कंस टाकला नसतात तर मी फेणीबद्दल विचारणार होतो.

टर्मिनलतात्या

बसा, थोडा इतिहास सांगतो. प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत ही कल्पना डग मॅकिलरॉय यांनी १९६४ साली बेल लॅब्जमधल्या एका टिपणात मांडली. बागेला पाणी घालायची नळी असते ना, एका तुकड्याला दुसरा तुकडा स्क्रूनं बसवावा, तसं. प्रत्यक्षात यायला १९७३ उजाडलं, केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये पाइप बसवला. आज लिनक्सवर त्या पाइपचा बफर ६५,५३६ बाइटांचा असतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.११च्या आधी एका पानाएवढा, म्हणजे बहुतेक यंत्रांवर ४०९६. जावाचा पाइप आणि हा पाइप वेगळे बरं का. जावाचा एकाच प्रोसेसच्या पोटात, कर्नलला त्याचा पत्ताही नसतो.

पण अडकण्याची जात तीच. बाहेरचा प्रोग्रॅम जावातून चालवायचा, वेटफॉर करून तो संपायची वाट बघत बसायचं, आणि त्याचं आउटपुट कोणी वाचायचंच नाही. कर्नलचा बफर भरला की तो प्रोग्रॅम थांबतो, तुम्ही त्याच्यासाठी थांबलेले. पायथनमध्येही सबप्रोसेसला पाइप लावून नुसतं वेट केलं तर हेच होतं, म्हणून तिथे आउटपुटही वाचणारं कम्युनिकेट वापरायला सांगतात.

बाइटबहाद्दर

सगळ्यांचे आभार. लिहिण्याचं काम एक्झिक्यूटरच्या (तयार थ्रेडचा साठा, म्हणजे पूल) थ्रेडवर टाकलं, वाचणं मूळ थ्रेडवर ठेवलं. मोठा रिपोर्ट गेला! ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरलंय, त्यामुळे काहीही झालं तरी क्लोज होतंच. प्रश्न सुटला असं समजतो.

मांजरीण

थांबा, समजू नका. खरी भानगड आत्ता सुरू होते.

'काहीही झालं तरी क्लोज होतंच' हाच धोका आहे. समजा चाळीस टक्के ओळी लिहून झाल्या आणि डेटाबेसचं कनेक्शन तुटलं. एक्सेप्शन उडालं. ट्राय-विथ-रिसोर्सेसनं इमानदारीत पाइप बंद केला. वाचणाऱ्याला काय दिसतं? उणे एक. म्हणजे प्रवाह संपला, सुखरूप. अपलोड लायब्ररी म्हणते, फाइल पूर्ण आली, आणि 'यशस्वी' असा शेरा मारून मोकळी. एक्सेप्शन तुमच्या फ्यूचरमध्ये (दुसऱ्या थ्रेडला दिलेल्या कामाचा निकाल जिथे येतो तिथे) पडून आहे आणि गेट करून ते कोणी बघितलं नाही तर कायमचं तिथेच. स्टोरेजवर चाळीस टक्क्यांचा रिपोर्ट, पूर्ण रिपोर्टच्या नावानं.

सीएसव्ही असेल तर बघणाऱ्याला संशयही येणार नाही. ओळी कमी आहेत एवढंच.

कॉफीकप

@मांजरीण, जीझिप करून, म्हणजे दाबून लहान करून, पाठवलं तर कळेल की. अर्धवट जीझिप उघडतच नाही.

मांजरीण

@कॉफीकप, तार तुटून अर्धवट राहिली तर नाही उघडत. इथे ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे. जीझिपआउटपुटस्ट्रीमचं क्लोज आधी फिनिश करतं, म्हणजे शेवटचा सीआरसी (डेटा ताडून बघायचा आकडा) आणि लांबी व्यवस्थित लिहितं, आणि मग खालचा पाइप बंद करतं. आत चाळीस टक्केच ओळी, पण फाइल म्हणून निर्दोष. सीआरसीसुद्धा जुळतो!

कॉफीकप

अरे देवा. हे खरंच डोक्यात आलं नव्हतं.

टर्मिनलतात्या

मांजरीणबाईंना +१. शेलमध्ये (टर्मिनलवर कमांडी चालवतो तिथे) हेच दुखणं फार जुनं आहे. डेटाबेसचा डंप काढायचा, पाइपातून जीझिपला द्यायचा, फाइल करायची. डंपवाला मधेच मेला तरी पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडचा धरतात, आणि जीझिप बिचारा यशस्वीच असतो. माझ्या ओळखीच्या एका कचेरीत रात्रीचा बॅकअप असा रोज हिरवा दिसत होता. एकदा डेटा परत आणायची वेळ आली तेव्हा आत पहिली तीन टेबलं निघाली. बॅश या शेलमध्ये पाइपफेल नावाचा पर्याय सेट केला की मधला कोणीही पडला तरी निकाल नापास येतो. मूळ वागणूक मात्र अजून तीच, पर्याय आपण चालू करायचा.

हिंजवडीकर

मग क्लोज करूच नये का? म्हणजे एक्सेप्शन आलं तर बंद न करता थ्रेड मरू द्यायचा. जावा वाचणाऱ्याच्या वेळी तपासतं की शेवटचा बाइट लिहिणारा थ्रेड जिवंत आहे का. मेला असेल आणि पाइप बंद केलेला नसेल तर 'राइट एंड डेड' किंवा 'पाइप ब्रोकन' असं आयओएक्सेप्शन येतं. आपल्याला तेच तर हवंय.

मांजरीण

साध्या थ्रेडला हे चालेल. धागाकर्त्यांनी एक्झिक्यूटर घेतलाय. पूलमधला थ्रेड काम फसलं तरी मरत नाही, पुढच्या कामाची वाट बघत जिवंत राहतो. त्यामुळे जावाला वाटतं लिहिणारा अजून आहे, आणि वाचणारा दर सेकंदाला उठून बघत बसतो, सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत.

याची उलटी बाजूही आहे. एका थ्रेडनं हेडर लिहिलं आणि तो संपला. दुसरा थ्रेड ओळी लिहिणार आहे, पण अजून क्वेरी चालू आहे. जावा फक्त शेवटचा लिहिणारा लक्षात ठेवतं. बफर रिकामा दिसला की ते म्हणतं राइट एंड डेड, आणि सगळं ठीक असताना प्रवाह तुटतो.

थ्रेडच्या जिवंतपणावरून डेटा पूर्ण आहे की नाही ठरवणं ही या क्लासची मूळची खोड आहे. पूल सर्रास होण्याच्या आधीचा विचार तो.

गोवाला

म्हणूनच आमच्याकडे क्लोजविथएरर आहे. लिहिणाऱ्यानं एरर देऊन पाइप बंद केला की वाचणाऱ्याला शेवटी तीच एरर मिळते. जावाच्या जोडीला ही सोयच नाही.

हिंजवडीकर

जुगाड सुचतोय. लिहिणारा फसला तर त्यानं आउटपुट बंद करायच्या ऐवजी समोरचा इनपुटस्ट्रीमच बंद करावा. मग पुढच्या रीडला 'पाइप क्लोज्ड' एक्सेप्शन येईल.

मांजरीण

सुचणं बरोबर, पण पुरत नाही. १७चा सोर्स उघडून बघा. इनपुट बंद आहे का ही तपासणी रीडच्या सुरुवातीला एकदाच होते. वाचणारा आधीच आत शिरून वाट बघत असेल तर त्या लूपमध्ये दोनच गोष्टी बघितल्या जातात: लिहिणाऱ्यानं बंद केलं का, आणि लिहिणारा थ्रेड मेला का. पूलमध्ये दोन्ही नाही. तो बसूनच राहणार.

मी असं करते. लिहिण्याचं काम सबमिट केलं की फ्यूचर मिळतं. पाइप्डइनपुटस्ट्रीमभोवती फिल्टरइनपुटस्ट्रीमचं एक छोटं वेष्टण घालायचं. त्यात रीडनं उणे एक दिलं की लगेच ते परत करायचं नाही, आधी फ्यूचर.गेट करायचं. काम नीट संपलं असेल तर उणे एक द्या, फसलं असेल तर आयओएक्सेप्शन फेका. अपलोड लायब्ररीला एक्सेप्शन दिसलं की ती अपलोड रद्द करते. एका बाइटची रीड आणि ॲरेची रीड दोन्ही ओव्हरराइड करायला विसरू नका, लायब्ररी कुठली वापरेल सांगता येत नाही.

आणि वाचणाऱ्यानंही इनपुट बंद करायलाच हवा. अपलोड मधेच पडलं आणि इनपुट उघडा राहिला तर भरलेल्या बफरसमोर लिहिणारा ताटकळतो. बंद केलात तर त्याला सेकंदाभरात 'पाइप क्लोज्ड' कळतं.

नवशिकी

वाचनखूण साठवली. हा 'सेकंद' सारखा येतोय. माझा एक छोटा प्रयोग आहे, एका थ्रेडमधून एक ओळ लिहायची आणि दुसऱ्यात छापायची. कधी लगेच येते, कधी जवळजवळ सेकंदानं. मला वाटलं लॅपटॉप जुना झालाय.

हिंजवडीकर

लॅपटॉपला बोल लावू नका. वाचणारा एका सेकंदाच्या वेटमध्ये झोपतो आणि राइट त्याला उठवत नाही. बफर भरला तर उठवतं, क्लोज केलं तर उठवतं, आणि फ्लश केलं (लिहिलेलं पुढे ढकल असं सांगितलं) तर उठवतं. एक ओळ लिहून फ्लश न करता थांबलात तर वाचणारा आपल्या घड्याळानं उठेल. ओळीमागे फ्लश टाका. मोठ्या रिपोर्टला याचा काही फरक पडत नाही, तिथे बफर सतत भरतच असतो.

सावंतवाडीचा_सर्व्हर

थोडं अवांतर, पण बाइटांशी संबंधित. आमच्या रिपोर्टमध्ये गावांची नावं देवनागरीत आहेत. पाइपातून वाचताना दर वेळी हाती आलेल्या बाइटांची स्ट्रिंग करून जोडत होतो. मधेच कुठेतरी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. दर वेळी वेगळ्या गावावर. कुडाळवर आलं म्हणून कुडाळची नोंद तपासली, ती स्वच्छ!

मांजरीण

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) मध्ये तीन बाइट घेतं. 'मराठी' म्हणजे म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी, पंधरा बाइट. १०२४ला तीननं भाग जात नाही, ३४१ चिन्हं बसून एक बाइट उरतो. शिवाय रीड मागितले तेवढे बाइट देईलच असं नाही, असतील तेवढे देतं. त्यामुळे तुकडा कधीही चिन्हाच्या मधोमध पडतो आणि अर्ध्या चिन्हाची स्ट्रिंग करायला गेलं की ते प्रश्नचिन्ह. तुकड्यातुकड्यानं स्ट्रिंग करू नका. इनपुटस्ट्रीमरीडर वापरा आणि त्याला यूटीएफ-८ स्पष्ट सांगा, उरलेला बाइट तो पुढच्या तुकड्यासाठी जपून ठेवतो. जावा १८ पासून डिफॉल्ट यूटीएफ-८च आहे, पण तुम्ही १७ वर असाल तर विंडोजवर वेगळं काहीतरी निघेल.

टर्मिनलतात्या

यावरून आठवलं. डेटाआउटपुटस्ट्रीममध्ये राइटबाइट्स नावाची मेथड आहे, स्ट्रिंग घेते. नाव बघून कोणालाही वाटेल हीच ती. ती प्रत्येक कॅरॅक्टरचे फक्त खालचे आठ बिट लिहिते. इंग्रजीला काही होत नाही. 'मराठी' लिहा आणि पलीकडे बघा: म चं टिंब होतं, र चं शून्य, काना म्हणजे 'पेक्षा मोठे'चं चिन्ह, ठ ची रिकामी जागा आणि वेलांटीचं ईमेलमधलं ॲट. ही गंमत नाही, करून बघा.

चहाटळ

म्हणजे मराठीतला ठ गायब आणि वर ॲट. आजपासून माझा आयडी राइटबाइट्सनं लिहिणार.

सावंतवाडीचा_सर्व्हर

रीडर लावला, कुडाळ सुधारलं. मांजरीणताई, आभार.

कॉफीकप

मूळ प्रश्नाकडे येऊ का? मांजरीणचं वेष्टण पटलं, पण माझा मुद्दा अजून उभा आहे. अपलोड नव्वद टक्क्यांवर नेटवर्कमुळे पडलं तर? लायब्ररी पुन्हा प्रयत्न करायला जाईल, पण पाइपातले बाइट एकदा वाचले की गेले. रिपोर्ट पहिल्यापासून काढा, क्वेरी पुन्हा चालवा. तात्पुरती फाइल असेल तर तीच परत वाचता येते. आणि फाइल लिहून पूर्ण झाल्याशिवाय अपलोड सुरूच होत नाही, त्यामुळे अर्धवट रिपोर्ट 'यशस्वी' होण्याचा प्रश्नच मिटतो.

आणखी एक. काही स्टोरेज लायब्रऱ्यांना लांबी आधी सांगावी लागते. सांगितली नाही तर त्या सगळा प्रवाह मेमरीत गोळा करतात आणि मग पाठवतात. म्हणजे तुम्ही थ्रेड, पाइप, वेष्टण सगळं करून शेवटी बाइट ॲरेच. आपली लायब्ररी काय करते ते आधी बघा.

मांजरीण

@कॉफीकप, मान्य. कंटेनरमध्ये टेम्पची डिरेक्टरी डिस्कवर आहे की मेमरीवर हे मात्र तपासा. मेमरीवर असेल तर फाइल ही फक्त नावाची फाइल.

गोवाला

व्हर्च्युअल थ्रेड (थोड्या खऱ्या थ्रेडवर वाटून चालणारे हलके थ्रेड) घेतले तर? जावा २१ मध्ये स्वस्त आहेत म्हणे.

हिंजवडीकर

स्वस्त आहेत, पण ही जोडी सगळी सिंक्रोनाइझ्ड आणि वेट. २१ मध्ये तसं थांबलं की खालचा खरा थ्रेडही अडकून राहतो. जावा २४ मध्ये ते सोडवलंय.

देवळातला_दिवा

सगळा धागा एका बसणीत वाचला. एक विचारतो: पाइप हवाच कशाला? रिपोर्टवाल्या लायब्ररीला आउटपुटस्ट्रीम हवाय ना? मग आपलाच एक आउटपुटस्ट्रीम लिहा. राइटमध्ये आलेले बाइट एका बफरमध्ये साठवा, बफर भरला की तो तुकडा मल्टिपार्ट (एकच फाइल अनेक भागांत चढवायच्या) अपलोडचा एक भाग म्हणून पाठवा. क्लोजमध्ये उरलेला तुकडा पाठवू नका, त्यासाठी 'पूर्ण' अशी वेगळी मेथड ठेवा आणि रिपोर्ट नीट संपल्यावर ती हातानं बोलवा. ती न बोलवता क्लोज आलं तर अपलोड रद्द. एकच थ्रेड, डेडलॉक नाही, अर्धवट फाइल नाही, आणि एखादा तुकडा पडला तर तेवढाच पुन्हा पाठवता येतो कारण तो अजून हातात आहे.

ॲमेझॉनच्या एस३ या स्टोरेज सेवेवर शेवटचा सोडून प्रत्येक भाग किमान ५ एमबीचा लागतो आणि जास्तीत जास्त १०,००० भाग चालतात. म्हणजे ५ एमबीचे तुकडे केले तरी जवळपास ५० जीबीपर्यंत रिपोर्ट जाईल.

मांजरीण

हे माझ्या वेष्टणापेक्षा चांगलं आहे. पाइप तेव्हाच ठेवा जेव्हा समोरची लायब्ररी इनपुटस्ट्रीमशिवाय दुसरं काही घेतच नाही.

बाइटबहाद्दर

धागा इतका वाढेल असं वाटलं नव्हतं. आमची लायब्ररी तपासली. लांबी दिली नाही तर ती खरंच सगळं मेमरीत गोळा करते, कॉफीकप म्हणाले तसंच! मल्टिपार्टची सोय तिच्यात आहे, तेव्हा देवळातल्या दिव्याचा मार्ग धरतोय, ८ एमबीचे तुकडे. तोपर्यंत महिनाअखेरीपुरती तात्पुरती फाइल. सीनियरांना दाखवलं, ते म्हणाले मी हेच सांगत होतो.

चहाटळ

सीनियर कधीही हेच सांगत असतात.

देवळातला_दिवा

@बाइटबहाद्दर, प्रोसेसच मेली तर रद्दची ओळ चालणारच नाही. अशा अर्धवट मल्टिपार्टचे आधी पोचलेले तुकडे स्टोरेजवर पडून राहतात, नेहमीच्या यादीत दिसत नाहीत आणि त्यांचं बिल चालू राहतं. बकेटवर (स्टोरेजमधल्या आपल्या कप्प्यावर) लाइफसायकलचा नियम लावून ठेवा, अपुरी अपलोड काही दिवसांनी आपोआप पुसली जातील असा.

बाइटबहाद्दर

लावतो. आधी यादी काढून बघतो, आत्तापर्यंतची किती पडलीयत ते.